गोळी पोटात की गालात

आमचे मामा खुर्च्या मढवतात. सोफे, आरामखुर्च्या, दवाखान्यातली बाकं, केस कापायच्या दुकानातल्या त्या गरागरा फिरणाऱ्या खुर्च्या. ज्यावर म्हणून माणसाला बूड टेकता येतं त्या सगळ्यावर मामांचा हात फिरलेला असतो. "अर्धं शहर माझ्या कामावर बसतं," असं ते म्हणतात, आणि यात फुशारकी फार थोडी आहे.

या धंद्यात दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी. मग खिळा कोणी धरायचा? मामांना त्यांच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं: तोंडाने. डब्यातले बारीक खिळे मूठभर घ्यायचे आणि फुटाण्यासारखे तोंडात टाकायचे. त्यातला एक जिभेने वेगळा काढायचा, फिरवायचा, आणि टोक आत, डोकं बाहेर असा ओठांवर आणून ठेवायचा. हातोडीच्या एका टोकाला लोहचुंबक असतं. ते ओठांपाशी नेलं की खिळा टक्कन चिकटतो आणि पुढच्या क्षणी लाकडात गेलेला असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस हातोडीचे मुके घेतोय.

बाकीचे खिळे तोवर गालात. आणि गालात म्हणजे अशा कोपऱ्यात, की त्याच तोंडाने मामा चहा पितात, फोन घेतात, गिऱ्हाइकाशी कापडाच्या रंगावरून हुज्जत घालतात. एकदा एक बाई त्यांच्याशी बराच वेळ गाद्यांची मापं ठरवत बोलत होत्या. बोलणं संपलं, बाई वळल्या, आणि मामांनी ओठांतून खिळा काढून ठोकला. बाई मागे वळून म्हणाल्या, "हा कुठून आला?" मामांनी नम्रपणे आणखी चार काढून दाखवले. बाईंना पाणी द्यावं लागलं.

"ह्यांच्या तोंडात काय चाललंय ते देवालासुद्धा कळायचं नाही," असं मामी कौतुकाने सांगायची.

मामांना पहिला हार्ट अटॅक आला तेव्हा आम्ही सगळे हबकलो खरे, पण तो प्रकार फार पटकन आटोपला. इस्पितळात नेलं, हृदयाची एक नळी बंद झाली होती, ती उघडून आत स्टेंट म्हणून जाळीची बारीक पुंगळी बसवली, आणि मामा आठवड्याच्या आत घरी येऊन इस्पितळातल्या खुर्च्यांच्या शिवणीला नावं ठेवू लागले. हार्टच्या डॉक्टरांनी निघताना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्यातली एक पट्टी बोटाने वाजवून ते म्हणाले होते, "जेवण चुकलं तर चालेल. ही चुकवायची नाही. ही चुकली तर त्या पुंगळीत रक्ताची गुठळी धरते."

मामीने ते खातं ताबडतोब स्वतःकडे घेतलं. सकाळी चहाच्या आधी गोळी, त्यावर पाणी, मग मामांचा "झालं एकदाचं" असा चेहरा. हे रोज. पाहुणे असोत, भांडण असो, मामी तापाने अंथरुणाला खिळलेली असो, गोळीला खाडा नाही.

आणि तरीही एका सकाळी दुकानातून मामीचा फोन आला. ती मामांचा डबा द्यायला गेली होती.

"अरे, ते बसलेत," ती म्हणाली.

"बसलेत म्हणजे?"

"गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसलेत!"

मी जागचा उठलोच. मामा गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसत नाहीत. ते लाकडी स्टुलावर बसतात, जमिनीवर बसतात, वेळ पडली तर उभ्याने जेवतात. गिऱ्हाइकाची खुर्ची म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या ताटातला घास. मी पोचलो तेव्हा ते एका अर्धवट मढवलेल्या आरामखुर्चीत घामाने निथळत पडले होते. छातीत कळ आल्यावर या गृहस्थाने आधी तोंडातले खिळे एकेक करून हातावर काढले, डब्यात टाकले, डब्याचं झाकण लावलं, आणि मग ते मामीला म्हणाले, "भाच्याला बोलाव जरा. घाई नाही." घाई नाही!

इस्पितळात तपासल्यावर कळलं, स्टेंटमध्ये गुठळी धरायला लागली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर नळी पूर्ण बंद. त्याच हार्टच्या डॉक्टरांनी ती साफ केली आणि ते बाहेर आले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मामीला विचारलं, "काकू, गोळी किती दिवसांपासून बंद आहे?"

"बंद?" मामीचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "मी स्वतः देते! रोज! माझ्या हाताने!"

"देता. पण काका गिळताना बघता का?"

मामीच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरत गेला ते मी बघत होतो. गिळताना कोण कोणाला बघतं? माणसाने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, म्हणजे गिळली. साध्या माणसाच्या बाबतीत हिशेब इथे संपतो. पण हा माणूस मूठभर खिळे गालात ठेवून चहा पिणारा!

डॉक्टरांनी मामांच्या रक्ताची एक खास तपासणी करून घेतली होती. ती त्यांनी आम्हाला समजावून सांगितली. रक्तात प्लेटलेट नावाचे कण असतात. ही डागडुजी करणारी मंडळी. कुठे ओरखडा दिसला की धावत येतात आणि एकमेकांना चिकटून भोक बुजवतात. स्टेंटची जाळी त्यांना ओरखडाच वाटते. गोळीचं काम एवढंच, की या मंडळींना दटावून जागेवर बसवायचं.

"काकांच्या रक्तात ही मंडळी मोकाट आहेत," डॉक्टर म्हणाले. "गोळी घेतलीच नाही असं वाटावं, इतकी. आता एक तर गोळी पोटात जात नाही, नाहीतर पोटात जाऊनही चालत नाही. बहुतेक वेळा पहिलंच निघतं."

मामी वॉर्डात शिरली. मामा उशीला टेकून पडले होते, नाकात नळी, हाताला सुई. तिला बघून हसले.

"कुठे टाकत होतात?" मामीने विचारलं.

"काय कुठे?"

"गोळ्या! मोरीत? कुंडीत? की दुकानात जाऊन थुंकत होतात?"

मामांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. "अगं, मी गिळतो."

"तुमच्या तोंडात काय चाललंय ते देवालासुद्धा कळायचं नाही," मामी म्हणाली. तेच वाक्य. पण कौतुकाचा टिपूस नाही. "मरायचं होतं तर सांगायचं तरी! मी रोज पाण्याचा पेला घेऊन कशाला उभी राहत होते? शोभेला?"

"अरे, तू तरी सांग हिला," मामा मला म्हणाले.

मी काय सांगणार? खरं म्हणजे माझ्याही मनात तो गाल आला होता. मामांना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. दोन-दोनदा छातीत कळ आली तेव्हा या माणसाने हूं की चूं केलं नव्हतं. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी गिळतो गं."

डॉक्टरांनी मग सरळ मार्ग काढला. त्याच गोळीचा मोठा डोस सिस्टरच्या समोर द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त बघायचं. सिस्टर खमक्या होत्या. गोळ्या दिल्या, पाणी पाजलं, आणि म्हणाल्या, "आ करा. जीभ वर. डावीकडे. उजवीकडे. शाब्बास, काका." शाळेत दात तपासायला आणलेल्या पोरासारखे मामा आ करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. प्लेटलेट मोकाटच!

डॉक्टर स्वतः पलंगापाशी आले आणि म्हणाले, "काका, माफ करा. तुम्ही गोळी घेत होतात. तीच तुमच्यावर चालत नाहीये. काही जणांच्या बाबतीत होतं असं. आपण आजपासून दुसरी सुरू करू."

मामांनी मामीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मामी डॉक्टरांकडे बघत होती.

"डॉक्टर, तुम्हाला गंडवलंय त्यांनी."

"काकू, सिस्टरने तोंड तपासलंय."

"सिस्टरने जिभेखाली बघितलं. त्यांचा कोपरा तिथे नाहीच आहे! वरच्या दाढेच्या पलीकडे, पार मागे आहे. तिथे ते काय वाटेल ते ठेवतात."

"अगं ए बाई," मामा कळवळून म्हणाले, "आता गोळी बदलली ना!"

"गोळी बदलली. तोंड तेच आहे."

डॉक्टरांपुढे तोवर आणखी एक कोडं उभं राहिलं होतं. मामांच्या रक्तात सीआरपी नावाची एक गोष्ट फार वाढलेली होती. शरीरात कुठेही सूज असली, कुठे काही चिघळत असलं, की हा आकडा चढतो. हृदयाचं दुखणं झालं की तो तसाही चढतो, म्हणून डॉक्टरांनी आधी तिकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण दुखणं ओसरलं तरी आकडा उतरायला तयार नव्हता. जुने कागद काढले, तर पहिल्या वेळीही तो घरी जाईपर्यंत चढलेलाच होता.

"कुठेतरी आग धुमसतेय," डॉक्टर म्हणाले. "अशी आग असली की प्लेटलेट जास्तच चवताळलेल्या असतात, आणि कधीकधी गोळीलाही दाद देत नाहीत. ती शोधली पाहिजे."

मग शोध सुरू झाला. छातीचा फोटो काढला, स्वच्छ. लघवी तपासली, ठीक. पोटाची सोनोग्राफी झाली, गुडघे दाबून पाहिले, पायाची नखंसुद्धा पाहिली. "कुठे दुखतं का?" असं जो येईल तो विचारायचा आणि मामा "छे, मजेत आहे" म्हणायचे. ज्याला हार्ट अटॅकमध्ये घाई नाही, त्याला दुखतं कशाला म्हणतात हे विचारण्यात अर्थच नव्हता.

आग सापडली ती मामीमुळे, आणि तीही भलत्याच गोष्टीच्या शोधात असताना. सकाळच्या गोळीची वेळ झाली. सिस्टरने नवी गोळी दिली, आ करायला लावलं, ठीक आहे म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे वळल्या. मामीने पर्समधून टॉर्च काढला. घरचा, दिवे गेल्यावर लावायचा, हातभर लांब.

"आता मला दाखवा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. आ करा."

मामांनी हताशपणे आ केला. मामीने त्यांची हनुवटी धरली, बोटाने गाल बाजूला ओढला, टॉर्च रोखला आणि वाकून पार मागे, त्या कोपऱ्यात पाहिलं. आणि किंचाळली.

सगळा वॉर्ड धावला. सिस्टर आल्या, शेजारच्या पलंगावरचे आजोबा सलाइनच्या दांड्यासकट उठले. मी म्हटलं, संपलं, सापडली गोळी.

"हे काय आहे?" मामी म्हणाली. "अहो, हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

सिस्टरने टॉर्च घेऊन पाहिलं. मग मी पाहिलं, आणि नसतं पाहिलं तर बरं झालं असतं असं वाटलं. वरच्या दाढांच्या मागे हिरडी हिरडीसारखी दिसतच नव्हती. काळीनिळी, सुजून फुगलेली, कडेला पू. दाढ तिच्यात सैल झालेल्या खुंटासारखी हलत होती. मला मामांच्या दुकानातला तो खिळ्यांचा डबा आठवला. जमिनीवर उघडा पडलेला. त्यात धूळ, काथ्या, लाकडाचा भुसा, जुन्या सोफ्यांतून उपसलेलं काय काय. त्यातले खिळे मामा सगळी हयात त्या कोपऱ्यात ठेवत आले होते.

"दुखत नव्हतं?" मी विचारलं.

"थोडं ठणकायचं," मामा म्हणाले. "मग मी दुसऱ्या बाजूने चावायचो. सगळ्यांचंच दुखतं की रे आमच्या धंद्यात. वस्तादाला तर पुढे दातच नव्हते."

"आणि मला सांगितलं नाही?" मामी म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू तोंडात खिळे ठेवू दिले असतेस?"

प्रश्न बिनतोड होता. मामीने माझ्या हातातून टॉर्च ओढून घेतला.

दाताच्या डॉक्टरीणबाई खालच्या मजल्यावरच होत्या. त्यांनी जबड्याचा फोटो काढला, उजेडाला धरला, आणि विचारलं, "काका, तुमच्या दाढेत कुणी तार घातली होती का?"

"तार? नाही बुवा."

"मग हे काय?"

फोटोत दाढेच्या मुळाशी एक पांढरी शुभ्र, सुईसारखी रेघ होती. मामांनी चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, आणि जुना मित्र भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला. "खिळ्याचं टोक! अरेच्चा! म्हणजे मी तेव्हा गिळलं नव्हतं!" एकदा ठोकताना मागून कुणीतरी हाक मारली होती, खिळा दाढेखाली येऊन मोडला होता. डोकं सापडलं, टोक सापडलं नाही. पोटात गेलं असेल म्हणून मामा दोन दिवस घाबरून केळी खात होते आणि मग विसरून गेले होते. टोक हिरडीत शिरून तिथेच राहायला आलं होतं.

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या नोकरीत त्यांनी बरंच काही पाहिलं असावं, पण हे नाही.

दाढ काढायची आणि कोपरा साफ करायचा, हे ठरलं. एरवी दात काढताना रक्त पातळ करायची गोळी काही दिवस थांबवावी का, असा प्रश्न निघतो. हार्टच्या डॉक्टरांनी वरूनच निरोप धाडला: एक दिवससुद्धा थांबवायची नाही, थांबवली तर पुन्हा गुठळी. म्हणजे गोळी चालू ठेवून दाढ काढायची. आणि गोळी नीट चालत असेल तर रक्त लवकर थांबणार नाही, हेही दोघांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. मामांना घरी सोडून, थोडे दिवस जाऊ देऊन, एका सकाळी बोलावलं. तोवर घरी रोज सकाळी टॉर्च चालू होता. मामीचा विश्वास अजून बसला नव्हता. "हिरडीचं समजलं," ती मला म्हणाली, "पण गोळीचं मला अजून काही खरं वाटत नाही."

त्या सकाळी मी आणि मामी आत, खुर्चीपासून दोन हातांवर उभे होतो. दाढ तर जवळजवळ आपणहूनच बाहेर आली. पाठोपाठ चिमट्यात ते टोक आलं, गंजून काळं झालेलं. आणि मग रक्त आलं.

बाईंनी कापूस दाबला. तो लाल झाला. दुसरा दाबला. तोही. त्यांनी टाके घातले, औषधात भिजवलेली गॉजची घडी ठेवली, मामांना दात घट्ट आवळायला सांगितलं. थोड्या वेळाने घडी काढली तर पुन्हा तेच. मामांच्या गळ्याभोवतीचा कागदी रुमाल लाल झाला होता. बाई शांत होत्या, हात भराभर चालत होते. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "नवी गोळी चांगली जोरात काम करतेय, त्यामुळे वेळ लागतोय. थांबेल."

मामांनी हे ऐकलं मात्र, त्यांचे डोळे चमकले. तोंडात घडी होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी हात उचलला, मामीला खूण केली, लाल झालेल्या रुमालाकडे बोट दाखवलं, मग पोटाकडे. मग पुन्हा रुमालाकडे, पुन्हा पोटाकडे. बघ. गेली की नाही पोटात? बघ!

मामी पांढरीफटक पडली होती. ती एकदम पुढे झाली, खुर्चीचा हात धरला आणि ओरडली, "कळलं! कळलं हो मला! घेताय तुम्ही गोळी, कळलं! आता थांबवा ना ते! एवढं मनाला लावून घ्यायचं असतं का?"

जणू मामा हट्टाने रक्त काढत होते.

ते थांबलं. पुष्कळ वेळ लागला, पण थांबलं. मामांना खुर्चीतच बसवून ठेवलं, मग वर नेलं, आणि संध्याकाळी घरी सोडलं.

पुढच्या तपासणीला हार्टच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. प्लेटलेट आता जागेवर बसल्या होत्या. सीआरपीचा आकडाही खाली आला होता. "यात नव्या गोळीचा वाटा किती आणि दाढेचा किती, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही," ते म्हणाले. "दोन्ही चालू ठेवा. गोळीही, आणि तोंड रिकामं ठेवणंही."

मामा खूश होऊन उठले. मामी उठली नाही.

"डॉक्टर," ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हासुद्धा, ती जुनी गोळी होती तेव्हा, ते रोज घेतच होते ना?"

"हो, काकू. रोज घेत होते."

"म्हणजे मी उगाचच..."

आणि मामी रडायला लागली. दोन अटॅकमध्ये, स्टेंटच्या वेळी, त्या दाताच्या खुर्चीपाशी, कुठेही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती पदराने तोंड झाकून हमसून हमसून रडत होती. मामांनी मरण दोनदा जवळून पाहिलं, पण हे त्यांनी लग्नापासून पाहिलेलं नव्हतं. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग घाबरून डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर, माझं राहू द्या," ते म्हणाले, "आधी हिला तपासा हो!"